पुतण्याचा निनावी फॉर्म

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद आहेतच, ते पाकिटात मावत नाहीत म्हणून लिहीत बसत नाही. तू सहा फूट झालास, सैन्यात पॅराशूट बांधायला लागून आठ वर्षं झाली, तरी मी तुला टिल्लूच म्हणणार. ज्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं त्याला या वयात दुसऱ्या नावानं हाक मारायची सवय लागणं कठीण आहे. काकूचा गुडघा बरा आहे. ती जिना उतरून खालच्या मजल्यावर भांडून येते, म्हणजे चांगलाच बरा आहे.

आता कामाचं. समलिंगी माणसांनी सैन्यात उघडपणे, काही न लपवता नोकरी करावी की नाही, यावर सरकारनं समिती बसवल्याचं रेडिओवर ऐकलं. आजचा नियम तुला ठाऊक आहेच: लपून राहिलात तर राहा, कळलं तर घरी. तो बदलायचा का, हे ठरवायला तुम्हा सगळ्यांकडून फॉर्म भरून घेणार आहेत. एक निवृत्त जनरल म्हणाला, अशानं शिस्त बिघडेल. दुसरा म्हणाला, गोळी काही विचारून लागत नाही. मी आयुष्यभर हजेरीपट सांभाळले, त्यावरून सांगतो, शिस्त बिघडते ती रजा रद्द झाल्या की. पण ते असो. फॉर्म निनावी असेल, असं समितीचा सचिव रेडिओवर तीनदा म्हणाला. एकदा म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता.

तुमच्याच पलटणीच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. निनावी नावाचा कागद मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा फॉर्म हातात आला की आधी उजेडासमोर धर. छापलेल्या टिंबांपैकी एखाद्यावर बारीक भोक असतं, सहज दिसत नाही. मागून बोट फिरवलं की खरखरीत लागतं. घडी सरळ आहे का तिरकी ते बघ. आणि सगळ्यात बरं म्हणजे प्रत्येक प्रश्नापुढे 'सांगता येत नाही' यावर खूण कर नि मोकळा हो. मत बाळगणं हा अधिकाऱ्यांचा छंद आहे, तो आपल्याला परवडत नाही.

तुला स्वतःला यातलं काही लागू नाही, हे मला माहीत आहे. सगळ्यांना सांगेन तेच तुला सांगितलं.

जाता जाता एक विचारतो. वर्षभर तुझ्या प्रत्येक पत्रात तो 'समोरचा' असायचा, तुझ्या समोरच्या टेबलावर पॅराशूट बांधणारा. समोरच्यानं शिट्टीवर गाणं म्हटलं, समोरच्याच्या आईनं मोजे पाठवले, समोरचा झोपेत बडबडतो. गेल्या तीन पत्रांत त्याचा पत्ता नाही. भांडलात का? हजेरीपटात एखादं नाव तीनदा दिसलं नाही की चौकशी करायची, ही माझी जुनी खोड आहे.

काका

---

१९ फेब्रुवारी

काका,

नमस्कार. तुमचं पाकीट दोनदा चिकटवलेलं होतं. वाटलं, इथं कुणीतरी फोडून वाचलं. मग पत्राच्या तळाशी काकूच्या अक्षरात 'मोजे घालत जा' अशी ओळ दिसली आणि जीव भांड्यात पडला. तुमची पत्रं तपासणारा अधिकारी घरातच आहे म्हणायचा.

फॉर्म गुरुवारी आला. मी तुमचा पुतण्या असल्यामुळे तो खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरला. कॅप्टनसाहेब म्हणाले, "काय रे, एक्स-रे बघतोस का?" अख्खा हॉल हसला. भोक नव्हतं. मागून खरखरीत लागलं नाही. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर पडला होता, ज्यानं त्यानं कुठूनही एक ओढून घ्यायचा, भरायचा आणि कुलूपबंद पेटीत टाकायचा. पेटी आमच्यासमोर लाखेनं बंद केली आणि राजधानीला गेली. मी भरला.

जेवताना यावरच चर्चा चालू असते. आमच्यातला एक जण परवा म्हणाला, "उद्या असल्या माणसानं बांधलेलं पॅराशूट पाठीवर घेऊन मी विमानाच्या दारात उभा राहायचं? आधीच तिथं पाय लटपटतात." सगळे हसले, मीही हसलो. तो माझ्या शेजारी बसला होता. त्याच दिवशी सकाळी तो मी बांधलेल्या पॅराशूटनं खाली उतरला होता, आणि हे बोलता बोलता त्यानं माझ्याच ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

तुम्ही कधी आमच्या हॉलमध्ये आला नाहीत, म्हणून सांगतो. लांबच लांब टेबलं. एकेका पॅराशूटचं कापड त्यावर पसरायचं, दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करायच्या, ठरलेल्या घड्या घालायच्या. शेवटी एका कार्डावर तारीख आणि बांधणाऱ्याची सही, ते कार्ड बाहेरच्या छोट्या खिशात. मग नंबरानुसार शेल्फवर. उडीच्या दिवशी रांगेत ज्याला जे येईल ते त्यानं घ्यायचं, निवडायचं नाही. कार्ड काढून कुणाची सही आहे हे बघणं म्हणजे बांधणाऱ्याचा अपमान समजतात. असा अपमान मी आठ वर्षांत एकदाही पाहिला नाही.

समोरचा ठीक आहे. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

त्या भोकांचं तुम्हाला इतकं बारीक कसं माहीत? आणि ऑफिसातले जुने लोक अजून तुम्हाला टाचणीसाहेब का म्हणतात?

टिल्लू

---

२६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

तू 'भरला' एवढंच लिहिलंस. काय भरलं ते लिहिलं नाहीस. जो 'सांगता येत नाही' यावर खूण करतो तो घरी येऊन तसं सांगतो, त्यात झाकण्यासारखं काही नसतं.

आणि 'लिहिण्यासारखं काही नव्हतं' हे वाक्य मी तुझ्या अक्षरात पहिल्यांदाच वाचलं. मुंगी भिंतीवरून साखरेचा दाणा कसा नेते यावर दोन पानं लिहिणारा तू. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

मी कॉलरला टाचण्या लावून हिंडायचो म्हणून टाचणीसाहेब. बाकी काही नाही.

फॉर्मच्या शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' अशी मोकळी जागा होती का? असतेच. माणसं प्रश्नांना फसत नाहीत, मोकळ्या जागेला फसतात. तिथं काही लिहिलंस का? पत्र मिळताच कळव. काही असलं तर मी बघतो.

काका

---

७ मार्च

काका,

मोकळी जागा होती. तिथं मी एक ओळ लिहिली. ती तुम्हाला सांगणार नाही, कारण ती तुम्हाला लिहिलेली नाही.

तुमचं 'मी बघतो' वाचून शाळा आठवली. चौथीत मास्तरांनी मला एकदा छडी मारली तेव्हाही तुम्ही 'मी बघतो' म्हणाला होतात आणि आठवड्यात माझी शाळा बदलली होती. मला मास्तर चालले असते, मित्र गेले त्याचं वाईट वाटलं. हे तुम्हाला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

काका, बघू नका. कुणाला भेटू नका, कुणाला लिहू नका. हात जोडून सांगतो, काहीही करू नका.

टिल्लू

---

१५ मार्च

चि. चष्मेबहाद्दर,

हेडक्लार्क झालास, माझ्याच खुर्चीत बसतोस, हे ऐकून ऊर भरून येतो. खुर्चीचा डावा पाय जपून वापर. तू नवा आलास तेव्हा जावक रजिस्टर उलटं धरून लिहीत होतास, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता जुन्या नात्यानं एक गळ घालतो. माझा पुतण्या तुमच्याकडे पॅराशूट बांधतो, तुला माहीत आहे. पोरगा नाकासमोर चालणारा, पण एका बाबतीत इतरांपेक्षा वेगळा. कोणत्या, ते हल्लीच्या चर्चेवरून तुझ्या लक्षात येईल, मी जास्त लिहीत नाही. त्या निनावी फॉर्मात त्यानं मोकळ्या जागेत काहीतरी खरडलं आहे. निनावी म्हणजे काय ते तू आणि मी दोघंही जाणतो. पेटी राजधानीला गेली म्हणतात, पण असले फॉर्म आधी तुझ्या हाताखालून जातातच. त्याचं अक्षर उजवीकडे कललेलं, 'ळ'ला मोठं पोट. तेवढा एक कागद बाजूला काढलास तर म्हाताऱ्यावर उपकार होतील.

आणि दुसरं, जमलं तर. त्याच्या समोरच्या टेबलावर एक जण आहे. त्याची बदली कुठंतरी लांब झाली तर दोघांचंही भलं होईल.

वाचून फाडून टाक.

तुझा जुना साहेब

---

२ एप्रिल

आदरणीय गुरुजींस,

हे पत्र मी घरून लिहितो आहे आणि पोस्टात स्वतः टाकणार आहे. त्यावरून काय ते ओळखा.

फॉर्मांची पेटी इथं कुणी उघडलीच नाही. राजधानीत ते फॉर्म मोजणारे लोक बाहेरचे, त्यांना आपल्या पलटणीतला एक माणूस ओळखू येणार नाही. कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे आले तेव्हा मी स्वतः उघडले होते. भोकं नाहीत, आकडे नाहीत. गुरुजी, यावेळी तो कागद खरोखरच निनावी होता.

पण तुमचं पत्र निनावी नव्हतं. पाकिटावर तुम्ही 'हेडक्लार्क, पलटण कार्यालय' असं लिहिलंत. माझं नाव नाही, 'खासगी' असा शब्द नाही. पदनामावर आलेलं टपाल माणसाचं नसतं, ऑफिसचं असतं; ते आवक टेबलावर उघडायचं, नोंदायचं आणि वरून खाली पाठवायचं. हा नियम तुमचा आहे. मी नवा असताना एक पाकीट न नोंदता खिशात घातलं होतं, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांदेखत उभं केलं होतंत. आजही तसंच चालतं. तुमचं पत्र आधी आवकवाल्यानं वाचलं, मग कॅप्टनसाहेबांनी, मग मेजरसाहेबांनी. माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यावर तीन सह्या होत्या आणि समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'हा पुतण्या कोण? समोरचा कोण? माहिती द्यावी.'

हात दाखवून अवलक्षण झालं. मी काही करू शकत नाही. तीन सह्यांचा कागद फाडता येत नाही, हेही तुम्हीच शिकवलं.

आपला,
चष्मेवाला

---

११ एप्रिल

काका,

मेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि टेबलावर तुमचं पत्र ठेवलं. तुमचं अक्षर मी कुठंही ओळखतो. क्षणभर मला वाटलं, घरी कुणी गेलं की काय, आणि ते सांगायला बोलावलंय. मग मी ते वाचलं.

मोकळ्या जागेत काय लिहिलं होतं ते आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी लिहिलं होतं, 'मी आठ वर्षं तुमची पॅराशूट बांधतो आहे. सगळी उघडली.' बस. नाव नाही, गाव नाही. ती ओळ लिहून मी हॉलबाहेर आलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा हलकं वाटलं होतं. कुणाला तरी सांगितलं, आणि कुणाला कळलं नाही, दोन्ही एकदम. कधीही कळलं नसतं. तुम्ही कळवलंत.

तीन सह्या म्हणजे तीन तोंडं. आठवड्यात सगळ्यांना माहीत झालं. मला कुणी काही म्हणालं नाही, मारलं नाही, शिवी दिली नाही. तसं काही झालं असतं तर मलाही दोन हात करता आले असते. मंगळवारी उडी होती. मी शेल्फच्या मागं उभा होतो. पहिला आला, त्यानं खिशातलं कार्ड काढून सही वाचली, पॅराशूट परत ठेवलं आणि पुढचं घेतलं. दुसऱ्यानं तेच केलं. मग तो रिवाजच झाला. बटाटा खाणाऱ्यानं तर कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, जणू मी दुसऱ्याची सही करून फसवीन. विमान उडालं तेव्हा शेल्फवर सतरा पॅराशूट राहिली होती. सतराही माझी.

दुसऱ्या दिवसापासून मला टेबलावरून हलवलं. ओली पॅराशूट टांगून वाळवायचा जो उंच मनोरा आहे, तिथं मी आता दोर ओढतो आणि फरशी पुसतो.

तुमची एक विनंती मात्र मान्य झाली. समोरच्याची बदली झाली. दोन दिवसांच्या नोटिशीवर, कुठंतरी लांब, तुम्ही लिहिलं होतंत अगदी तसं. त्याला निरोप द्यायला मी गेलो नाही, कारण फाटकावर कोण कोण येतं ते बघायला दोघं उभे केले होते. तुम्ही विचारलेल्या त्या तीन पत्रांत तो का नव्हता, ते आता सांगतो: कारण त्याच्याबद्दल लिहिलं असतं तर थांबता आलं नसतं.

मेजरसाहेब वाईट नाहीत. म्हणाले, "समिती अजून बसलेली आहे, नियम अजून जुनाच आहे. मला तू कोण आहेस हे विचारायचं नाही. पण हा कागद माझ्या फाईलमध्ये आला, त्याला उत्तर लागेल. तुझ्या काकांचं वय झालंय. म्हाताऱ्या माणसाला काहीबाही सुचतं. तसं एका ओळीत लिहून दे, मी फाईल बंद करतो, तू टेबलावर परत जा." महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. लिहिलं नाही तर केस वर जाईल आणि मी घरी येईन.

म्हणजे तुम्ही वेडे ठरलात की मी सुटलो. गंमत आहे.

एकच विचारतो. भोक नसलेल्या कागदात तुम्हाला भोक कसं दिसलं?

टिल्लू

---

१९ एप्रिल

चि. टिल्लूस,

तुझं पत्र चार दिवस वाचतो आहे. आज उत्तर लिहायला बसलो, कारण काकू म्हणाली, आता लिहिलं नाहीत तर मी लिहीन.

भोकं मी पाडली होती. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. कर्नलनं बराकीतल्या माणसांसाठी फॉर्म काढला, निनावी, त्यात 'तसल्या' संबंधांचाही प्रश्न होता, आणि मला बोलावून सांगितलं की कुणी काय लिहिलं ते समजलं पाहिजे. छापील टिंबांवर टाचणीनं एक-एक भोक, प्रत्येक माणसाचं वेगळं टिंब, आणि यादी माझ्या खणात. तीन रात्री बसून मी ते केलं आणि मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला, हेही लिहितो.

माझ्या खोलीत बँडमधला बिगुलवाला राहायचा. चार वर्षं एका खोलीत. माझा एवढा जवळचा मित्र त्याआधी नव्हता, नंतरही झाला नाही. मी आजारी पडलो की बिगूल छातीशी धरून आवाज न करता सराव करायचा. त्या दिवशी तो फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "हे निनावी आहे ना रे?" माझ्या तोंडात टाचणी होती. मी नुसती मान हलवली. ती मान हलवणं हेच माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम.

त्यानं खरं लिहिलं. आठ दिवसांत त्याला काढलं. बिगूल सरकारी म्हणून फाटकावर काढून घेतला. हुकूम मी टाइप केला आणि 'खरी प्रत' म्हणून खाली सही केली. नंतर दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली, मग मी पाठवणं सोडलं. टाचणीसाहेब हे नाव त्या यादीवरून पडलं, कॉलरवरून नाही. तुला मी खोटं सांगितलं.

तेव्हापासून प्रत्येक कागदात मला भोक दिसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. सगळं जग माझ्यासारखं असेल असं धरून मी तुला वाचवायला निघालो, आणि त्याचं केलं तेच तुझं केलं, यावेळी नुसत्या पाकिटानं. तुझ्या समोरच्याचंही केलं. त्याच्याबद्दल काय लिहावं हे मला कळत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. तू सतरा वर्षांचा होतास तेव्हापासून मला तुझा संशय होता. काकूला त्याही आधीपासून. आम्ही दोघांनी तो एकमेकांपासून दहा वर्षं लपवला, एकाच घरात, एकाच चहाच्या टेबलावर. परवा तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. मी रडत होतो. ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, कुणाचं पॅराशूट उघडलं नाही."

आता शेवटचं काम. सोबत दोन कागद जोडले आहेत. पहिला डॉक्टरांचा दाखला: मला वर्षभरापासून विस्मरण आणि भ्रम होतात. डॉक्टर माझ्याबरोबर पत्ते खेळतात, त्यांनी कुरकुर केली पण दिला. दुसरं माझं निवेदन: १५ मार्चचं पत्र मी भ्रमात लिहिलं, त्यातलं एकही वाक्य खरं नाही. दोन्हींवर तारीख, सही, शिक्का सगळं बिनचूक आहे. मेजरला दे. ते असे कागद ओळखतात, त्यांना नुसता कागद लागतो. वेडा ठरायला मला काही कमीपणा नाही. या वयात निम्मे लोक मला तसंच समजतात. तुझं टेबल तुला परत मिळू दे. एवढं माझ्याकडून घे.

काका

---

६ मे

काका,

दोन्ही कागद परत पाठवतो आहे. सही, शिक्का खरंच बिनचूक आहेत. असं काम इथं आता कुणाला येत नाही.

खोटं कशाला सांगू, ते मी दोन दिवस उशीखाली ठेवले होते. मनोऱ्यात दोर ओढताना मनात हिशोब चालायचा: तुमचं डोकं जाईल, माझं टेबल राहील, तुम्हीच तर म्हणताय. मेजरसाहेबांच्या दारापर्यंत गेलोही. पण आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय, म्हाताऱ्याचं काय ठरलं?" आणि त्या 'म्हाताऱ्याचं'वर माझं डोकंच फिरलं. तुम्हाला काहीही म्हणायचा हक्क मला आहे, त्यांना नाही.

मी त्यांच्याच टेबलावर उभ्या उभ्या उत्तर लिहिलं. ते असं: 'माझे काका पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. १५ मार्चच्या पत्रात त्यांनी माझ्याविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे.' खाली सही. मेजरसाहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पोरा, यातलं पहिलं वाक्य खोडलं असतंस तरी चाललं असतं." मी म्हटलं, "साहेब, पहिलंच महत्त्वाचं आहे."

यावरून मी तुम्हाला माफ केलं असं धरू नका. केलेलं नाही. समोरचा कुठं आहे ते मला अजून माहीत नाही, आणि त्याच्यापुरतं तरी मी तुम्हाला कधी माफ करीन का, सांगता येत नाही. दाखले मिळवायला तुम्हाला चार दिवस पुरले. बिगुलवाल्याला शोधायला तेवढेच दिवस द्या. तो जिवंत असेल तर त्याच्यापुढे जाऊन उभे राहा. आणि समितीची जाहीर सुनावणी जूनमध्ये आहे, तिथं जाऊन टाचणीचं सांगा. माझं नाव काढू नका. तुमचं सांगा, पदनाम नाही, नाव.

काकूला म्हणावं, पॅराशूट सगळी उघडली. आणि मोजे घालतो.

केस वर गेली आहे. वर म्हणजे किती वर, ते कुणी सांगत नाही. समितीचा अहवाल येईपर्यंत काय करायचं, यावर कर्नलसाहेबांनी हुकूम काढला: मी टेबलावर परत बसायचं, पण मी बांधलेलं पॅराशूट फक्त त्यालाच द्यायचं, जो स्वतःहून तसं लिहून देईल. कोण लिहून देतो ते बंद पाकिटात कर्नलसाहेबांकडे राहील, कुणाला दाखवणार नाहीत, मलाही नाही; पॅराशूटही कार्ड काढून त्यांचाच माणूस पोचवील. मला वाटलं, ही मला घरी बसवायचीच एक रीत आहे. साडेआठशे माणसांत कोण असा शहाणा निघणार?

एक निघाला. एकच. शनिवारी शेल्फवरचं माझं एक पॅराशूट गेलं होतं. दुपारी मी मैदानाच्या कडेला उभा राहून आकाशात मोजत होतो. बारा माणसं विमानातून बाहेर पडली, बारा पॅराशूट उघडली. त्यातलं माझं कोणतं, इतक्या उंचावरून समजलं नाही. उतरणाऱ्यांपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

आता मी रोज एकच बांधतो, आणि तो कोण हे मला ठाऊक नाही. बटाटेवाला तर नक्की नसेल, असं म्हणतो आणि लगेच वाटतं, कशावरून नसेल? कॅप्टनसाहेब? विमानाच्या दारात उडीची खूण म्हणून पाठीवर थाप मारणारा, ज्याला सगळे मुका बैल म्हणतात तो? संशय घ्यायची खोड घराण्यातलीच दिसते. जेवणाच्या रांगेत उभा राहून मी एकेकाच्या तोंडाकडे चोरून बघत असतो: हा असेल का?

टिल्लू